अक्षरजुळणीसाठी मॅक्रो : माळव्यातील मराठी मजकुराच्या निमित्ताने काही धडे

काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेच्या संपादनाचे काम माझ्याकडे आले होते. लेख इंदूर, देवास, धार अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आणि निरनिराळ्या हातांनी टंकलेले होते. कोणी 'माळवा' लिहिले होते, कोणी हिंदीच्या सवयीने 'मालवा'. एकरूपता आणावी म्हणून मी संगणकाला आज्ञा दिली : जेथे 'मालवा' असेल तेथे 'माळवा' कर. क्षणार्धात काम झाले आणि मी समाधानाने फाइल छापखान्यात पाठवली. छापील प्रत हाती आल्यावर एका ज्येष्ठ वाचकांचा दूरध्वनी आला. वसतिगृहाच्या आठवणींत अधीक्षक मुलांना सांगत होते, 'दहा वाजले, दिवे माळवा.' आणखी दोन पानांनंतर रतलामच्या फलाटावर 'माळवाहू गाडी' उभी होती.

चूक संगणकाची नव्हती. मी त्याला अर्धवट नियम सांगितला आणि त्याने तो पूर्ण निष्ठेने पाळला. तेव्हापासून अक्षरजुळणीच्या कामात मॅक्रो कसे लिहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोठे थांबवावेत, याचा मी थोडा पद्धतशीर विचार करू लागलो. प्रस्तुत लेख त्या विचाराचा आराखडा आहे. तो संगणकतज्ज्ञांसाठी नाही. आपल्या संस्थेची स्मरणिका, महाविद्यालयाचे नियतकालिक किंवा स्वतःचा प्रबंध जुळवून घेताना मुद्रितशोधनाने मेटाकुटीला आलेल्या मराठीच्या अभ्यासकासाठी तो लिहिला आहे.

१. मॅक्रो म्हणजे काय?

एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा करावयाच्या अनेक कृती एका नावाखाली बांधून ठेवणे आणि त्या नावाने सर्व कृती एकदम करवून घेणे, याला मॅक्रो म्हणतात. लिब्रेऑफिस रायटर, वर्ड, नोटपॅड प्लस प्लस अशा बहुतेक मजकूर-संपादकांत ही सोय असते. मॅक्रो दोन प्रकारे तयार होतो. पहिला प्रकार ध्वनिमुद्रणासारखा : 'नोंदणी सुरू' म्हणावे, हाताने कृती कराव्यात, 'नोंदणी बंद' म्हणावे. पुढच्या वेळी संपादक त्याच कृती आपणहून करतो. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली स्वतः लिहावी लागते. तिच्यात 'असे असेल तर हे कर, नसेल तर सोडून दे' अशा अटी घालता येतात.

मुद्रणाशी मॅक्रोचे नाते जुने आहे. अमेरिकन गणिती डोनाल्ड नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते इतकी निकृष्ट वाटली, की त्यांनी स्वतःच 'टेख' ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहावयास घेतली. ती प्रणाली मुळातच मॅक्रोंवर उभी आहे. तिच्यात लेखक 'हे प्रकरणाचे शीर्षक', 'ही तळटीप' एवढेच सांगतो. ते कागदावर कसे दिसावे हे मॅक्रो ठरवतो. १९९१ मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे या प्रणालीत देवनागरी आणली.

आपल्याकडच्या जुळाऱ्याला हे तत्त्व अनोळखी नव्हते. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना देखणे रूप दिले. केसरीसाठी लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. या सर्व काळात जुळाऱ्यासमोरचा प्रश्न एकच होता : जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचा पसारा कमीतकमी हालचालींत कसा आवरावा? बापूराव नाईक यांचा १९७१ चा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा ग्रंथ चाळला, की या प्रश्नाला किती पदर होते ते कळते. जुळाऱ्याचा हात खिळ्यांच्या घरांवरून सवयीने फिरे. मॅक्रो ही तशीच सवय, फक्त लिहून ठेवलेली. फरक इतकाच, की 'दिवे' या शब्दापुढे 'माळवा' जुळवताना जुळाऱ्याचा हात क्षणभर अडखळला असता.

२. लिपी एक, लेखनपद्धती दोन

इंदूरला मराठीची परंपरा मोठी आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा येथे अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली. परंतु आज येथे मराठी मजकूर जुळवणारा ऑपरेटर बहुधा हिंदीभाषक असतो. तो कामसू असतो आणि देवनागरी त्याच्या हाताला बसलेली असते. अडचण नेमकी तेथेच आहे. लिपी एकच असल्यामुळे दोन भाषांच्या लेखनपद्धतींतील अंतर त्याला जाणवत नाही, आणि पुष्कळदा आपल्यालाही जाणवत नाही. तमिळ मजकूर जुळवणारा आपण वेगळ्या भाषेत आहोत हे विसरणार नाही. मराठी जुळवणारा हिंदी ऑपरेटर ते पदोपदी विसरतो.

याचे परिणाम ठरावीक असतात. पूर्णविरामाच्या जागी दंड येतो. 'ड' आणि 'ढ' यांच्याखाली नुक्ता येतो, म्हणून 'गाडी'ची 'गाड़ी' होते. होळकरांचे होलकर होतात. 'ॲ'च्या जागी 'ऐ' किंवा 'ए' बसतो. आणि सर्वांत जास्त हाल 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'शेतकऱ्यांचा' या शब्दांतील अर्ध्या र चे होतात. त्याच्या आकारावरून इंग्रजीत त्याला 'पापणीचा र' अशा अर्थाचे नाव आहे. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून ऑपरेटर तेथे सरसकट रफार देतो : 'वर्हाड', 'शेतकर्यांचा'. आपल्या शेजारच्या ऐतिहासिक शहराचे 'बऱ्हाणपूर' हे मराठी नावही यातून सुटत नाही.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यास' दक्षिणा दिली आणि 'आचार्यास' दक्षिणा दिली, या दोन वाक्यांत स्वयंपाकघर आणि गुरुकुल इतके अंतर आहे.

अशा चुका ठरावीक असतात म्हणूनच त्या मॅक्रोच्या आवाक्यात येतात. मात्र सर्व चुका एका जातीच्या नसतात. कामाच्या सोयीसाठी मी त्यांचे तीन वर्ग करतो : ज्यांना अपवाद नाही अशा, ज्यांचे अपवाद मोजता येतात अशा, आणि ज्यांचा निर्णय अर्थ पाहिल्याशिवाय होत नाही अशा.

३. पहिला वर्ग : अपवाद नसलेले नियम

या वर्गातील पुष्कळ चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. युनिकोडमध्ये 'ऱ्य' हे रूप दोन मार्गांनी साधता येते. एका मार्गात साधा र, हलन्त आणि त्यानंतर 'जोडक' नावाचे अदृश्य चिन्ह येते. त्याचा क्रमांक २००डी. दुसऱ्या मार्गात खालची टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त येतो; या 'ऱ'चा क्रमांक ०९३१. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते निरनिराळे शब्द आहेत. एका लेखात पहिला मार्ग आणि दुसऱ्यात दुसरा असेल, तर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधताना निम्म्या नोंदी सापडत नाहीत. शब्दसूची करताना एकच शब्द दोन ठिकाणी येतो. त्यामुळे छापील पुस्तकात न दिसणारा हा दोष त्याच पुस्तकाच्या संगणकीय प्रतीत कायमचा राहतो.

तीच गोष्ट 'ॲ'ची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्थान दिले. युनिकोडमध्ये 'ॲ'ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्यापूर्वीचे लेखन 'अ' अधिक चंद्र अशा दोन चिन्हांनी झालेले आहे आणि काही कळफलक आजही तसेच लिहितात. ही दोन चिन्हे एकत्र आली, की त्यांच्या जागी एकच 'ॲ' ठेवावा. या नियमाला अपवाद संभवत नाही.

एखाद्या अक्षराच्या पोटात काय आहे याची शंका आली, तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये किंवा वर्डमध्ये त्या अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकदम दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक दिसतो. पुन्हा त्याच कळा दाबल्या, की अक्षर परत येते.

आता प्रत्यक्ष कृती. रायटरमध्ये कंट्रोल आणि एच या कळांनी 'शोधा आणि बदला' ही चौकट उघडते. तिच्यातील 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' या पर्यायावर खूण केली, की ठरलेल्या शब्दाऐवजी नमुना शोधता येतो. चौकटी कंसातील अक्षरांपैकी कोणतेही एक, अधिक चिन्ह म्हणजे 'एक किंवा अनेक', आणि गोल कंस म्हणजे 'हा भाग लक्षात ठेव', एवढ्या तीन खुणा सुरुवातीला पुरेत. विरामचिन्हापूर्वी पडलेली मोकळी जागा काढण्यासाठी एक मोकळी जागा आणि त्यापुढे असे लिहावे :

+([,;?!])

आणि 'बदला'च्या चौकटीत लिहावे :

$१

म्हणजे कंसात लक्षात ठेवलेले विरामचिन्ह तेवढे ठेव, मोकळी जागा टाकून दे. (येथे वाचनासाठी अंक देवनागरीत दिला आहे. डॉलरच्या चिन्हापुढचा अंक संगणकावर इंग्रजीच टंकावा.) अशा सहा-सात कृती ओळीने करून त्यांची नोंदणी केली, की आपला पहिला मॅक्रो तयार झाला. रायटरमध्ये मॅक्रो-नोंदणीची सोय आरंभी बंद असते. ती पर्यायांच्या 'ॲडव्हान्स्ड' या भागात जाऊन सुरू करावी लागते.

४. जुन्या फायलींचे देवनागरीकरण

युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराच मजकूर महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती यांसारख्या आणि आपल्याकडे प्रामुख्याने कृतिदेव या फॉन्टमध्ये अडकून पडला आहे. कृतिदेवच्या फाइलीत देवनागरी नसतेच. 'कमल' हा शब्द तेथे डी, ई, वाय या तीन इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट त्यांना देवनागरीचे सोंग देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते सोंग उतरते आणि लेखकाच्या आयुष्यभराचे लेखन इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन समोर येते. माळव्यातील कितीतरी लेखकांच्या घरी अशा सीडी आहेत. लेखक गेले, ऑपरेटरने दुकान बंद केले, आणि घरच्या माणसांना त्या फायली उघडता येत नाहीत.

रूपांतराची तयार साधने उपलब्ध आहेत, पण ती हिंदीसाठी बेतलेली असल्याने मराठी मजकुरावर पुरी पडत नाहीत. त्यांच्या चुका दुरुस्त करावयाच्या तर त्या का होतात हे समजले पाहिजे. कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण क्रमाचे. कृतिदेवात पुष्कळशी पूर्ण अक्षरे 'अर्धे अक्षर आणि काना' अशा दोन तुकड्यांनी बनतात. अर्ध्या 'ख्'पुढे काना दिला, की 'ख' होतो. 'खा' हवा असेल तर काना दोनदा द्यावा लागतो. म्हणून 'कान्याचे चिन्ह बदल' हा नियम आधी चालवला, तर सगळे 'ख', 'भ', 'श' मोडतात. जोडीचा नियम आधी आणि सुट्या चिन्हाचा नंतर, हे पथ्य येथे पाळावेच लागते.

दुसरे कारण रफाराचे. युनिकोडमध्ये रफार उच्चाराप्रमाणे आधी येतो, कृतिदेवात तो नंतर. 'कीर्ती'मधला रफार तेथे 'ती' लिहून झाल्यावर दिलेला असतो. रूपांतर करताना त्याला मात्रा आणि व्यंजन ओलांडून मागे न्यावे लागते.

तिसरे कारण पहिल्या वेलांटीचे. जुन्या फॉन्टमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. 'स्थिती' या शब्दात वेलांटीला अर्धा 'स' आणि पूर्ण 'थ' असे दोन्ही ओलांडून जावे लागते. कच्चे साधन एकच अक्षर ओलांडते आणि 'सि्थती' असे रूप तयार होते. अलीकडच्या छापील पुस्तकांतही ही चूक आढळते. तिची खूण मात्र नेमकी आहे. वेलांटीनंतर लगेच हलन्त देवनागरीत कधीच येत नाही. म्हणून पुढील नमुना शोधावा :

([क-ह])ि्([क-ह])

आणि त्याच्या जागी ठेवावे :

$१्$२ि

'सि्थती'ची 'स्थिती' होते. 'स्त्रियांचे' यासारख्या तीन व्यंजनांच्या जोडाक्षरात हा नियम एकदा चालवून पुरत नाही. पहिल्या फेरीत 'सि्त्र'चे 'स्ति्र' होते, दुसऱ्या फेरीत 'स्त्रि'. म्हणून 'एकही जागा सापडली नाही' असे उत्तर येईपर्यंत मॅक्रो पुन्हा पुन्हा चालवावा. हा नियम पहिल्या वर्गातला असल्यामुळे तसे करण्यात धोका नाही.

५. दुसरा वर्ग : मोजता येणारे अपवाद

आता रफाराकडे वळू. 'शेतकर्यांना', 'गावकर्यांनी', 'नोकर्या' या सर्वांत 'कर्या' हा तुकडा आहे. तो सरसकट 'कऱ्या' करावा असे वाटते. मी तसे केले आणि संपादकीयातील 'वाचकांच्या सौकर्यासाठी' हे शब्द 'सौकऱ्यासाठी' झाले. 'सौकर्य' हा तत्सम शब्द. त्याचा रफार हक्काचा. म्हणून नियमाला अट जोडली :

(?<!सौ)कर्या

कंसातील खुणेचा अर्थ 'मागे सौ नसेल तरच'. काही दिवसांनी एका वैष्णव संप्रदायाविषयीच्या लेखात 'कैंकर्य' हा शब्द समोर आला आणि दुसरी अट आली :

(?<!सौ)(?<!कैं)कर्या

असा मॅक्रो अनुभवाने वाढत जातो. त्याच्यातली प्रत्येक अट म्हणजे पूर्वी केलेल्या एका चुकीची नोंद असते.

या अटींमागे व्याकरणाचा एक नियम आहे, तो वर्गात सांगण्यासारखा आहे. 'शेतकरी', 'दोरी', 'आचारी', 'गोरा' यांसारख्या शब्दांच्या शेवटी 'री' किंवा 'रा' असतो. सामान्यरूप किंवा अनेकवचन होताना त्याचा 'ऱ्या' होतो : शेतकऱ्यास, दोऱ्या, आचाऱ्यास, गोऱ्या. 'कार्य', 'सूर्य', 'पर्याय', 'मर्यादा' या तत्सम शब्दांत मात्र र् आणि य मुळातच जोडलेले असतात आणि तेथे रफार राहतो. म्हणजे अपवादांची यादी करता करता आपण मराठीतील तत्सम आणि तद्भव यांची सीमारेषा आखत असतो.

'र्ह'ची गंमत थोडी वेगळी आहे. 'अर्हता', 'गर्हणीय', 'निर्हेतुक' हे शब्द रफाराचे. 'तऱ्हा', 'गुऱ्हाळ', 'वऱ्हाड' हे अर्ध्या र चे. 'निर्हेतुक' वाचवण्यासाठी मी 'आधी पहिली वेलांटी असेल तर सोडून दे' अशी अट घातली. त्यामुळे 'तिर्हाईत' हा शब्द दुरुस्त न होता तसाच राहिला. अट फार रुंद झाली होती. अपवाद शक्यतो पूर्ण शब्दाच्या रूपाने द्यावा, एखाद्या अक्षराच्या रूपाने नव्हे, हे तेव्हा उमगले.

'मालवा'ची गोष्टही अंशतः याच वर्गातली. 'मालवाहू' आणि 'मालवाहतूक' वगळण्यासाठी एवढे पुरे :

मालवा(?!ह)

म्हणजे पुढे 'ह' नसेल तरच. येथे कोणी म्हणेल की 'पूर्ण शब्द' हा तयार पर्याय का वापरू नये? कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'मालवाच', 'मालव्यातील', 'मालव्याचा' ही रूपे पूर्ण शब्दाच्या शोधात येत नाहीत. शिवाय काही संपादक काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या हिशेबी शब्दाची सीमा शब्दाच्या मधोमधही पडते. नव्या संपादकात काम सुरू करण्यापूर्वी दहा ओळींच्या मजकुरावर हे एकदा तपासून घ्यावे.

याच वर्गात दंडाची गणना करावी. गद्यात दंडाच्या जागी पूर्णविराम हवा, परंतु ओवी, अभंग आणि श्लोक यांत दंड हवाच. मॅक्रोला ओवी ओळखता येत नाही, पण परिच्छेदाला दिलेली शैली ओळखता येते. जुळणीच्या आरंभीच पद्याच्या परिच्छेदांना 'पद्य' नावाची आणि हिंदी-उर्दू अवतरणांना 'अवतरण-हिंदी' नावाची शैली द्यावी. आज्ञावली लिहिताना 'या शैलीचे परिच्छेद वगळ' ही एकच अट पुरते. नुक्ताही तसाच काढता येतो : मराठी गद्यातून जातो, गझलेच्या शेरात राहतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. 'ड़' हे अक्षर कधी एका चिन्हाने, तर कधी 'ड' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते. दोन्ही रूपांसाठी नियम द्यावे लागतात.

शैलींचा आणखी एक उपयोग आहे. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' यांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नाहीत. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात परिच्छेदाची भाषा 'मराठी' अशी नोंदवली, तरच ते आकार उमटतात. भाषा 'हिंदी' राहिली, तर तोच फॉन्ट हिंदी वळणाचा 'ल' देतो. सर्व शैलींची भाषा एका झटक्यात मराठी करणे हे मॅक्रोसाठी अगदी योग्य काम आहे.

६. तिसरा वर्ग : जेथे मॅक्रोने विचारावे

'दिवे मालवा' आणि 'मालवा प्रांत' यांत अक्षरांचा काहीच फरक नाही. 'आचार्यास' हे रूप गुरूंचे की स्वयंपाक्याचे, हे नमुना सांगू शकत नाही. एकोणिसाव्या शतकात इंदूरहून निघणाऱ्या 'मालवा अखबार'चे नाव 'माळवा अखबार' करणे ही इतिहासाची मोडतोड ठरेल. एखाद्या हिंदी ग्रंथाच्या शीर्षकातील 'होलकर' संदर्भात तसेच राहिले पाहिजे. त्याच पानावरील आपल्या वाक्यात मात्र 'होळकर' हवे. या वर्गात मॅक्रोने फक्त जागा दाखवावी, बदल माणसाने करावा.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. मजकूर लहान असेल तर 'सर्व बदला' हे बटण न दाबता एकेक जागा पाहत जावे. मजकूर मोठा असेल तर आधी शब्दयादी करावी. पहिल्या वर्गाचा मॅक्रो चालवल्यानंतर पुढील नमुना शोधला, की रफारानंतर य किंवा ह असलेले सर्व शब्द एकदम निवडले जातात :

[^ ]*र्[यह][^ ]*

ते कोऱ्या फाइलीत चिकटवावेत, अकारविल्हे लावावेत आणि पुनरुक्त शब्द काढून टाकावेत. उरलेल्या यादीत प्रत्येक शब्द एकदाच वाचावा लागतो. नेहमीच्या शब्दांचा निर्णय यादीवरच होतो. 'आचार्यास'सारखे शब्द तेवढे मूळ जागी जाऊन पाहावे लागतात. सगळा मजकूर रफारासाठी पुन्हा वाचण्याचा कंटाळा वाचतो, आणि कंटाळा आला की नजर चुकते हे मुद्रितशोधकाला सांगावयास नको.

७. जुन्या लेखनाचे काय?

या वर्गातील सर्वांत नाजूक प्रश्न अनुस्वारांचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेले. त्यापूर्वीचे लेखन 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं', 'केलें' असे आहे. जुना लेख पुनर्मुद्रित करताना हे अनुस्वार मॅक्रोने पुसून टाकण्याचा मोह होतो. तांत्रिकदृष्ट्या ते काम फारसे कठीण नाही. 'आंत'चे 'आत' करताना 'आंतरिक' वाचवावा इतकेच.

तरीही ते करू नये, असे माझे मत आहे. जुन्या लेखनात 'मी' आणि 'मीं' ही दोन वेगळी रूपे आहेत. पहिले प्रथमेचे, दुसरे तृतीयेचे. 'मी आंबा खातों' आणि 'मीं आंबा खाल्ला' यांतील फरक त्या अनुस्वारात आहे. शिवाय माळव्यातील लेखक पुण्या-मुंबईचे लेखननियम कितपत आणि केव्हा पाळत होते, हा अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याचा पुरावा या अनुस्वारांतच आहे. मॅक्रो तो पुरावा एका सेकंदात नष्ट करतो. हाताने जुळणाऱ्याकडून चार-दोन जुनी रूपे निसटून तरी राहिली असती. मॅक्रोच्या हातून काहीच निसटत नाही, म्हणून त्याला हे काम सांगण्यापूर्वी दहादा विचार करावा. सामान्य वाचकासाठी आधुनिक लेखनातील आवृत्ती हवी असेल तर ती जरूर करावी, पण मूळ प्रत वेगळी ठेवावी आणि काय बदलले ते निवेदनात सांगावे.

८. समारोप : कामाची शिस्त

अनुभवातून आलेले चार नियम शेवटी मांडतो. मॅक्रो नेहमी प्रतीवर चालवावा, मूळ फाइल तारखेसह बाजूला ठेवावी. पहिल्या वर्गाचे नियम आधी, दुसऱ्याचे नंतर, तिसऱ्याचे शेवटी घ्यावेत. प्रत्येक बदलानंतर संपादक किती जागा बदलल्या ते सांगतो. तो आकडा वाचावा. पाच-सहा अपेक्षित असताना दोनशे आले, तर लगेच मागे फिरावे. माझ्या 'मालवा'च्या वेळी तो आकडा पडद्यावर आला होता. मी तो पाहिला नव्हता. आणि पुस्तकाच्या निवेदनात 'लेखन एकरूप केले आहे' एवढे म्हणून थांबू नये. कोणते नियम चालवले त्यांची यादी द्यावी. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखितांतील फरक नोंदवतो, तोच न्याय येथेही लागू आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती अपवादांची यादी. 'सौकर्य', 'कैंकर्य', 'निर्हेतुक', 'तिऱ्हाईत', 'मालवाहू', 'मालवणे' असे शब्द प्रत्येक संपादक आपापल्या चुकांतून नव्याने गोळा करतो आणि काम संपले की विसरून जातो. आपल्या प्रदेशातील मराठी विभागांनी आणि संस्थांनी ही यादी एकत्र ठेवली, विद्यार्थ्यांना तिच्यात भर घालावयास लावले, तर पुढच्या स्मरणिकेचे काम सोपे होईल आणि विद्यार्थ्यांचे व्याकरणही पक्के होईल. त्याचबरोबर घराघरांत पडलेल्या कृतिदेवच्या सीडी वाचता येतात तोवर त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावयास हवा. सीडी चालवणारे यंत्र नव्या संगणकांतून केव्हाच नाहीसे झाले आहे, आणि त्या फायलींत कोणी काय लिहिले होते हे सांगू शकणारी माणसेही थोडीच उरली आहेत.